रॉकेटवाले सर आमचे चेअरमन

पनवेलजवळच्या करंजाड्यात सोसायटीची सेक्रेटरी झाले तेव्हा वाटलं, आता नुसती भांडणं सोडवायची. पण किस्सेच एवढे जमले की मैत्रिणी भेटल्या भेटल्या विचारतात, "सरांचं नवीन काय?" सर म्हणजे चौथ्या मजल्यावरचे अवकाश शास्त्रज्ञ. जन्मभर रॉकेटं उडवली, आता अर्ध्या दिल्लीला सल्ले देतात. आणि आमचे चेअरमन!

झाले कसे? जनरल मीटिंगला ते बाथरूमच्या गळतीची तक्रार घेऊन आले होते. चेअरमन व्हायला कोणी तयार नाही, सरकारी प्रशासक बसायची वेळ आलेली. आम्ही दहा मिनिटांत सरांना हार घालून मोकळे!

"एकच वर्ष हं," सर म्हणाले. "आणि माझी गळती?"

"सर, तक्रार आता तुमच्याकडेच करायची!"

* * *

नवा पंप सुरू करायचा होता. मी बटणाकडे हात नेला, तर सर ओरडले, "थांबा! उड्डाणाआधी सगळ्यांना विचारायचं. टाकी?"

"रेडी!"

"व्हॉल्व्ह?"

"रेडी!"

"गेट?"

वॉचमन म्हात्रेमामा इथल्या गावातलेच. "मी नाय रेडी, सायेब. हातान चाय हाय."

सरांनी खरंच पंप रोखून धरला! मामांनी चहा निवांत संपवला. तोवर अख्खी बिल्डिंग कोरडी.

* * *

पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सर सल्लागार आहेत. पहिल्या दिवशी तिथे गेले ते थेट लेथ मशीनवरच्या कामगाराशी गप्पा मारत उभे राहिले. मालक घामाघूम. "सर, केबिनमध्ये बसा ना, एसी आहे."

"केबिनमध्ये पार्ट बनतो का?"

* * *

एकदा दिल्लीच्या समितीची ऑनलाइन मीटिंग ऐन रंगात होती. मी सह्यांसाठी शेजारीच बसलेली. खाली हॉर्न वाजला. सर "एक्सक्यूज मी, टँकर आलाय" म्हणून उठले ते वीस मिनिटांनी परतले. तिकडे सगळे तसेच बसलेले! एका बड्या अधिकाऱ्याने काळजीने विचारलं, "सर, टंकी भर गई?"

* * *

वर्ष संपलं. सर गेले तर दुसरं कोणी मिळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यात दिल्लीहून मोठं पद चालून आलेलं. ऐन जनरल मीटिंगमध्ये त्यांचा फोन वाजला, दिल्लीहूनच. सरांनी चुकून स्पीकर दाबला.

"सर, समितीच्या अध्यक्षपदासाठी फक्त तुमचा होकार हवाय. आत्ताच कळवाल का?"

"एक मिनिट," म्हणत सर आमच्याकडे वळले. "इथे चेअरमनपदाला कोण उभं राहतंय?"

साठ माणसं. सगळी आपापल्या चपला बघतायत! मीसुद्धा.

सरांनी दोनदा विचारलं. मग फोन तोंडाशी नेला.

"माफ करा. मी इकडे बिनविरोध निवडून आलोय."