फेहरिस्तीत नसलेली दगडाबाई

तापात दोन्ही पाय लुळे पडले तवा दगडाबाई सहा वर्षांची होती. मग तळहातांना जुन्या जोड्याचं कातडं बांधून ती तामलवाडीभर सरपटली आणि अंबाडीचे दोर वळून आपली भाकर कमावली. तिच्या वळाचा दोर बैलाला तुटत नसे.

निजामाची खानेसुमारी, म्हणजे घरोघरची माणसं मोजणी, आली त्या साली धाकटी बहीण प्रेमाबाई लग्नाला आलेली. पटवारी दारात उभा राहिला.

"घरात आंधळं, पांगळं, मुकं?"

"न्हाय बा. सारी धडधाकट," थोरला भाऊ बलभीम म्हणाला.

दगडाबाईला त्यानंच कणगीमागं बसवलं होतं. पांगळी बहीण कागदावर चढली तर प्रेमाची ढोकी गावची सोयरीक मोडंल, ही धास्ती. आमच्याकडं खोड घरात चालते, कागदावर चालत न्हाय. घरोघर तेच झालं.

प्रेमाबाई नांदायला गेली. वर्षानं धाराशिवात पांगळ्यांना कुबड्या देऊन हातमाग शिकवायचं ठिकाण निघालं. खानेसुमारीच्या फेहरिस्तीची, म्हणजे नावांच्या यादीची, नक्कल तिथं आली. ज्या गावात नावं जास्त, त्या गावाला जागा जास्त. कासारणीनं बांगड्या भरता भरता ही खबर सांगितली. दगडाबाईनं हट्ट धरला, तशी बलभीमनं गाडी जुंपली.

धाराशिवात कारकुनाचं बोट कागदावरून खाली गेलं. "तामलवाडी. आंधळे शून्य, पांगळे शून्य. लई नशिबाचं गाव."

"साहेब, म्या हाय की," दगडाबाई टेबलाखालून म्हणाली.

"तू हाईस, पण कागदात न्हाईस. माहिती खोटी दिली म्हणून पटवाऱ्याचा दाखला आणा."

बलभीमनं तिला उचलून गाडीत बसवलं. परतीच्या वाटेवर म्हणाला, "दाखला मागितला की ढोकीपर्यंत बोभाटा. प्रेमाला सहावा लागलाय."

"मग आणलीस कशाला?"

"वाटलं, कुणीतरी लिवलं असंल."

चावडी आली. "थांबव," ती म्हणाली. बलभीमनं बैलांवर चाबूक ओढून गाडी पुढं दामटली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, साऱ्या गावादेखत, ती सरपटत चावडीवर गेली.

"कशाला आलीस?" पटवाऱ्यानं विचारलं.

"मला ल्याहा."

"खानेसुमारी सरली. आता धा वर्सांनी."

"व्हय? मग बसते."

तिनं ओटीतली अंबाडी काढली आणि पायरीवरच वळायला घेतली. पुढं रोज तिथंच. गावातल्या साऱ्या गोठ्यांना तिचे दोर पोचले. एकट्या बलभीमला मात्र दोर तुळजापूरच्या बाजारातून आणावा लागला.