दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेलं राखीव पुस्तक

अमरावतीच्या ज्या महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तिथल्या ग्रंथालयात काउंटरच्या मागे एक काचेचं कपाट आहे. त्यातली पुस्तकं घरी न्यायला मिळत नाहीत. शिक्षकांनी आपापल्या पेपरसाठी ती वेगळी काढून ठेवलेली असतात. ओळखपत्र जमा करायचं, दोन तास तिथंच बसून वाचायचं आणि परत द्यायचं. आम्ही त्याला राखीव कपाट म्हणतो.

त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या वर्गाला रानातल्या वनस्पती ओळखायला शिकवायचं माझ्याकडे आलं. त्यासाठी लागणारं जाडजूड पुस्तक बाजारात मिळेनासं झालं होतं आणि ग्रंथालयाच्या प्रतीला वाळवी लागली होती. राहिली माझी स्वतःची प्रत. ती द्यायला माझा हात धजत नव्हता.

माझे बाबा अंजनगाव सुर्जीजवळ भाजीपाला पिकवतात. मी बी.एस्सी.ला असताना त्या पुस्तकातलं वर्णन मोठ्यानं वाचून दाखवायची, पान कसं, फूल कसं, फळ कसं. बाबा ऐकून घ्यायचे, मध्येच थांबवायचे, एखादा प्रश्न विचारायचे आणि मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन कडेला आपल्याकडचं नाव लिहायचे. तरोटा, कुंजरू, चिवळ. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण अक्षर देखणं. आता त्यांचा हात थरथरतो. सहीसुद्धा धड होत नाही.

आमच्या ग्रंथपाल बाई मोजकं बोलणाऱ्या. मी अडचण सांगितली, तर त्यांनी एवढंच विचारलं की, तुमच्या घरी ते पुस्तक सध्या कोण वाचतं? कोणीच वाचत नव्हतं. मी फॉर्म भरला, पेपरचं नाव आणि मुदत लिहिली. त्यांनी पहिल्या पानावर ‘शिक्षकाची वैयक्तिक प्रत’ अशी चिठ्ठी लावली आणि पुस्तक कपाटात गेलं. आधी झेरॉक्स काढून घ्यावी असं मनात होतं, पण बांधणी सैल होती, दुकानात पान् पान सुटलं असतं. पुढं बघू म्हणत ते राहूनच गेलं.

ते पुस्तक सगळ्यांत जास्त वेळा घेणारी मुलगी धारणीच्या पलीकडच्या एका कोरकू गावातली होती. वसतिगृहात राहायची. दोनदा तिनं मला विचारलं होतं की, सुट्टीत हे पुस्तक गावी नेता येईल का, रानात हातात धरून बघायचं आहे. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, वाचनकक्षातल्या एका जुन्या पंख्याच्या वायरीनं पेट घेतला. आग अशी लागली नाही, पण धूर कोंडला. शिपायानं सगळ्यांना बाहेर काढलं, मेन स्विच बंद करून दाराला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी वायरमनला घेऊन जाऊन कक्ष उघडला, पुस्तकं जागेवर लावली आणि मला फोन केला. तुमचं पुस्तक नाही, म्हणाल्या. त्यासाठी जमा केलेलं ओळखपत्र ड्रॉवरमध्येच आहे.

ओळखपत्र त्याच मुलीचं होतं. तिचा फोन लागत नव्हता. वसतिगृहातून कळलं की ती आदल्या दुपारीच बसनं गावी गेली.

मी तेव्हा जे बोलले ते आजही मला आवडत नाही. ग्रंथपाल बाईंना म्हणाले, ‘तिला ते न्यायचंच होतं. बरी संधी मिळाली.’ बाई म्हणाल्या, ‘ओळखपत्र मागं ठेवून कोणी चोरी करत नाही, मॅडम.’

हे मला पटलं आणि पटलंही नाही. दिवाळीला माहेरी गेले, पण बाबांना काही सांगायचं धैर्य झालं नाही. रोज सकाळी त्या मुलीचा नंबर लावायचा आणि रोज तीच टेप ऐकायची. बसमध्ये राहिलं असेल, कोणी उचललं असेल, ओलं झालं असेल. मनात सगळं येऊन गेलं. फराळ गोड लागेना.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी मेथीच्या वाफ्याशी बसलो होतो. फोन वाजला. तीच होती. गावात नेटवर्क नाही म्हणून जीपनं धारणीला आली होती आणि श्वास न घेता बोलत होती.

‘मॅडम, पुस्तक माह्याजवळ आहे. धुरात सगळे धावले, काउंटरवर कोणीच नव्हतं. आत ठेवलं असतं तं जळलं असतं, म्हणून छातीशी धरून बाहेर आली. मग दाराले कुलूप लागलं अन् माही बस सुटायची होती. तुमी रागावल्या असान.’

मी नाही म्हणाले. माझे डोळे भरून आले होते आणि बाबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांना सगळं सांगावं लागलं, फोन चालू असतानाच.

‘येवढ्यासाठी चार दिवस तोंड पाडून बसली व्हय?’ बाबा म्हणाले. ‘मले सांगतलं काहून नाई? नावं का त्या कागदात हायेत? डोक्यात हायेत माह्या. तू बसली असती, मी सांगतलं असतं, तू लिहलं असतं.’

इतकी साधी गोष्ट होती आणि ती मला सुचली नव्हती. माझ्या छातीवरचं ओझं तिथंच उतरलं.

बाबांनी फोन मागून घेतला. तरोट्याला तुमच्याकडे काय म्हणतात, असं त्यांनी तिला विचारलं. तिनं कोरकू नाव सांगितलं. बाबांनी ते तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा चुकलं, आणि पलीकडून तिचं हसू मला ऐकू आलं. दोघं बराच वेळ बोलत राहिले. मी मेथी उपटत बसले.

सुट्टी संपल्यावर ती थेट ग्रंथालयात आली. पुस्तक आधी जाड प्लास्टिकमध्ये आणि वरून धुतलेल्या टॉवेलमध्ये बांधलेलं होतं. एकही पान हललं नव्हतं. ग्रंथपाल बाईंनी नोंदवहीत परतीची वेळ लिहिली, ओळखपत्र तिच्या हातात दिलं आणि उशिराबद्दल एक अक्षरही काढलं नाही. मी मात्र तिला बाजूला नेऊन सांगितलं की, तुझ्याबद्दल मी वाईट विचार केला होता. ती खाली बघत म्हणाली, ‘मलेही वाटलंच होतं, मॅडम.’ एवढं बोलून ती वर्गाला गेली.

त्या आठवड्यात मी आणि ग्रंथपाल बाईंनी खिडकीपाशी उजेडात बसून पुस्तकाचं प्रत्येक पान मोबाइलवर टिपलं. मी पानं उलटायची आणि बाई फोटो काढायच्या. दोन दुपारी लागल्या. आता छापून बांधलेली प्रत मुलं सुट्टीत घरी नेतात.