बाबांना 'तू' म्हणणारं माणूस

आमच्या घरात बाबांना कुणी कधी 'तू' म्हटलेलं नाही. आई 'अहो' म्हणायची, आम्ही भावंडं 'अहो बाबा' म्हणत वाढलो, माझी मुलगी 'अहो आजोबा' म्हणते. सोसायटीत ते 'काका, तुम्ही' आणि बँकेत 'सर, आपण'. त्यांना 'तू' म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, साताऱ्याची आत्या, त्यांची थोरली बहीण. ती दर रविवारी फोन करायची आणि त्यांनी फोन उचलल्या उचलल्या रागवायला सुरुवात करायची. बाबा हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, पण तिच्याशी बोलताना खुर्चीतून उठून उभे राहायचे आणि 'हो गं, नाही गं' एवढंच म्हणायचे.

गेल्या श्रावणात आत्या गेली. बाबा साताऱ्याला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसले. रडले नाहीत. मी विषय काढला की 'वय झालं होतं तिचं' म्हणायचे आणि चष्मा पुसायला घ्यायचे. स्वच्छ असलेला चष्मा पुन्हा पुन्हा पुसणाऱ्या माणसाची मला काळजी वाटायला लागली होती.

मी घरी जर्मन शिकवते. शनिवार-रविवार आमच्या हॉलमध्ये खराडीच्या ऑफिसांतली सात-आठ मुलंमुली बसतात. सगळ्यांना तिकडे नोकरी हवी असते आणि सगळ्यांना ती लवकर हवी असते. बाबा आतल्या खोलीत दार उघडं ठेवून बसतात. वाऱ्यासाठी, असं म्हणतात. त्या खोलीला खिडकीही आहे.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी जर्मनमधला 'दू' शिकवत होते. दू म्हणजे तू. मग मला राहवेना, आणि मी फळ्यावर इटालियनचा 'तू', स्पॅनिशचा 'तू', फ्रेंचांचा ओठ पुढे काढून म्हटलेला 'त्यू', रशियनांचा 'ती' असं सगळं गोत लिहून काढलं. हा एकच शब्द आहे, म्हटलं. काही हजार वर्षांपूर्वी माणसांची एक टोळी तो बोलत होती. तिचे वंशज पांगले, अर्धे तिकडे गेले, अर्धे इकडे आले, आणि जाताना हा एवढासा शब्द सगळ्यांनी बरोबर नेला. आपला 'तू' त्यातलाच.

"मॅम, म्हणजे सेम वर्ड आहे? क्रेझी आहे हे!" वाघोलीहून येणारी मुलगी म्हणाली. "मग इंग्लिशमध्ये का नाही?"

"होता. 'दाऊ' म्हणायचे. पुढे सगळ्यांनाच 'यू' म्हणायला लागले आणि दाऊ प्रार्थनेपुरता उरला."

आतून आवाज आला, "म्हणजे इंग्रजांच्यात सगळेच सासरचे."

वर्ग हसला. मी पुढचं सांगितलं. जर्मनीत कुणालाही एकदम दू म्हणायचं नसतं. वयाने मोठा असेल त्याने तो आपणहून द्यायचा असतो. जुन्या पद्धतीत तर दोघं कोपरात कोपर अडकवून आपापल्या पेल्यातला घोट घेतात, आणि तिथून पुढे एकमेकांना दू.

संध्याकाळी मी दोघांची कॉफी घेऊन आत गेले तर बाबा कोडं बाजूला ठेवून माझीच वाट बघत होते.

"या घरात वयाने मोठा कोण?"

"तुम्ही."

"मग मी देतो. आजपासून मला तू म्हण."

"काहीतरीच काय, बाबा!"

"चेष्टा करत नाहीये मी." ते म्हणाले. "ताई गेल्यापासून मला तू म्हणणारं कुणी उरलेलं नाही. सगळे अहो-जाहो करतात. रोज सत्काराला बसल्यासारखं वाटतं."

त्यांनी कप उचलला, कोपर पुढे केलं आणि 'चल' म्हणाले. मी माझं कोपर त्यात अडकवलं. दोघांनी घोट घेतला, त्यांची अर्धी कॉफी बंडीवर सांडली, आणि आम्ही पोट धरून हसलो. मग ते हसायचे थांबले आणि अपेक्षेने माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या बंडीवरची कॉफी पुसायला घेतली.

"राहू दे. घाई नाही," ते म्हणाले.

त्यानंतर माझी पंचाईत झाली. 'तुम्ही' म्हणावं तर त्यांनी दिलेलं परत केल्यासारखं होणार, आणि 'तू' म्हणायला जीभ वळत नव्हती. मग मी दोन्ही टाळून बोलायला लागले. 'चहा ठेवलाय.' 'गोळी झाली का?' 'आज फिरायला नाही का जायचं?' चार दिवस ऐकून घेतलं आणि बाबा म्हणाले, "पूर्वी निदान 'तुम्ही' तरी होतो. आता वाक्यातूनच हकालपट्टी झाली माझी."

मी हसण्यावारी नेलं, पण ते मला लागलं. देवाला आपण बिनदिक्कत तू म्हणतो, आईला म्हणतो. मग इथेच का अडत होतं? त्यांचा धाक कधीच संपला होता. मला वाटतं, मी 'अहो' म्हणते तोवर ते मोठे होते, आणि ते मोठे तोवर मी त्यांची लहान मुलगी होते. 'तू' म्हटलं की ते थकलेत, एकटे पडलेत आणि आता त्यांची काळजी मी घ्यायची आहे, हे कबूल करावं लागलं असतं. मला ते करायचं नव्हतं. पन्नाशी उलटली तरी नव्हतं.

मग एका रविवारी वर्गाला सुट्टी होती. सकाळी पोहे देऊन मी आंघोळीला गेले, आले तर बशी तशीच होती. पोह्यांवरचं खोबरं वाळून गेलं होतं. बाबांच्या हातात पेन्सिल होती, समोर कोडं होतं, आणि त्यात एकही अक्षर भरलेलं नव्हतं. मान खाली घातलेली. मानेवरचे पांढरे केस कॉलरच्या बाहेर आले होते. ते कापून घ्यायला हवेत हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी शेजारी बसले.

"बाबा, तू काहीच खाल्लं नाहीस रे."

बोटांत नुसती फिरणारी पेन्सिल थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. काहीतरी खोचक बोलतील म्हणून मी वाट बघत राहिले.

"नको वाटतंय," ते म्हणाले. असा बारीक आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "मला ताईची फार आठवण येते गं."

मी पाठीवर हात ठेवला, आणि माझा बाबा कितीतरी वेळ रडत राहिला.