पुढचा स्क्रू आधी

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जालन्यातल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवत होते. मुलींच्या छात्रपथकाला बाई हवी होती आणि इतर दोघी प्राध्यापिकांची मुलं लहान, म्हणून प्राचार्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं. रायफल मी तोवर फक्त पोलिसाच्या खांद्यावर पाहिलेली.

मला सांभाळून घेतलं ते कॉलेजच्या एका शिपायाने. वडीगोद्रीचे गृहस्थ, फौजेत पंधरा-सोळा वर्षं हत्यारं दुरुस्त करून परतलेले. सगळे त्यांना फौजीकाका म्हणत. सरावासाठी आमच्याकडे लाकडी दस्त्याच्या दोन जुन्या रायफली होत्या. एक गोळी झाडली की हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी.

नवीन जालना भागातल्या एका जैन कापडवाल्यांची मुलगी पथकात होती. "मॅडम, आमच्या घरी झुरळसुद्धा मारत नाहीत," ती हसून सांगायची. "पप्पांना म्हटलंय, मी फक्त कागदाला मारते." आणि त्या कागदावर तिच्या पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ बसत.

कॉलेजांच्या नेमबाजी स्पर्धेला आठ दिवस उरले होते. तिची रायफल पुसताना मला दिसलं, दस्त्याच्या खालचा एक स्क्रू जरासा हलतोय. असे दोन स्क्रू होते, चापाच्या पुढे एक नि मागे एक. लोखंडी भाग लाकडात धरून ठेवणारे तेच. फौजीकाका रजेवर होते. एवढं तर आपल्यालाही जमेल, असं वाटलं. प्रयोगशाळेतून पेचकस आणला, मागचा स्क्रू जीव खाऊन आवळला, मग पुढचा. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, असं वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या गोळ्या कागदभर विखुरल्या. नवा कागद लावला, तरी तेच.

"लक्ष कुठंय तुझं?" मी सगळ्यांसमोर ओरडले. "श्वास रोखायला किती वेळा सांगायचं?"

दोन दिवसांनी तिने माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. स्पर्धेतून नाव काढावं, एवढंच लिहिलं होतं.

त्याच दुपारी काका रजेवरून आले. मी तक्रारीच्या सुरात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चार दिवसांत पोरीचा हात बिघडत न्हाई, मॅडम. रायफल बघू द्या."

ते मैदानात पालथे झाले आणि त्यांनी स्वतः पाच गोळ्या झाडल्या. त्याही विखुरल्या. मग त्यांनी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि ती उलटी केली. मागच्या स्क्रूची खाच पेचकसाने चेचली होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"कोणी आवळलं हे?"

मुली आजूबाजूलाच होत्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. ते मुलींकडे वळले. "जा गं, पाणी पिऊन या जल्दी."

मुली गेल्यावर ते म्हणाले, "लाकूड हाये, मॅडम. लई आवळलं की दबतं. लोखंड ताणात बसतं, मंग नेम कसा राहील?" त्यांनी स्वतः ते दोन मिनिटांत केलं असतं. पण खाचेत बरोबर बसणारा स्वतःचा पेचकस त्यांनी मला दिला.

दोन्ही स्क्रू सैल करायला लावले. रायफल उभी धरून दस्ता जमिनीवर टेकवायला सांगितला, म्हणजे लोखंड आपल्या वजनाने लाकडात मागे बसतं. दोन्ही स्क्रू आधी बोटांनी लागतील तेवढेच. मग पुढचा, मग मागचा, थोडा-थोडा.

"मनगटाचा जोर. खांद्याचा न्हाई."

स्क्रू अडला तिथे मी थांबले. मग माझं बोट नळी आणि लाकूड जिथे भेटतात तिथे ठेवून त्यांनी पुढचा स्क्रू सैल केला. "हललं का?" नाही हललं. "म्हंजे ताण न्हाई. आवळा पुन्हा."

मुली परतल्या. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. त्या मुलीला पुढे बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी होती. मी स्क्रू चुकीचा आवळला आणि तुला बोलले. माफ कर."

ती हळूच म्हणाली, "मॅडम, मला वाटलं माझे डोळेच गेले." आणि रडायला लागली. मीही.

चिठ्ठी तिनेच फाडली. स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला. तिच्या वडिलांनी पथकातल्या सगळ्या मुलींसाठी पेढे पाठवले.

पेढे द्यायला मी काकांकडे गेले. ते घंटेखाली स्टुलावर बसले होते. त्यांनी मला वाचवलं होतं, शिकवलं होतं, आणि मुलींसमोर उघडं पाडलं नव्हतं. हे सगळं मला म्हणायचं होतं. "काका, तुमचे उपकार..." एवढंच जमलं.

"उपकार कशाचे?" पेढा अर्धा तोडत ते म्हणाले. "स्पर्धेत लई गोळ्या झाल्या असतील. स्क्रू पुन्हा बघितले का?"

नव्हते बघितले. आम्ही दोघं मिळून रायफल बघायला गेलो.