खळ लावण्याआधी

आमच्या वटार गावातल्या जुन्या पोस्टाचा इतिहास चर्चच्या अंकासाठी लिहून द्यायचं मी कबूल केलं. तो थोडकाच आहे. आधी ते एका बागायतदाराचं भाताचं कोठार. त्याने पुढची खोली पोस्टाला दिली, भिंत फोडून खिडकी बसवली. आता पोस्ट नाक्यावरच्या गाळ्यात गेलंय आणि कोठार पाडायचं ठरलंय. मला सांगायचंय ते त्या खिडकीबद्दल. आजवर टाळलं.

ज्या बायकांना वाचता येत नसे, त्यांचं पत्र खळ लावून बंद करण्याआधी पोस्टमास्तर त्या खिडकीतून एकदा वाचून दाखवत. बाबा आखातात होते. आई सांगायची, सातवीतली मी लिहायची. एकदा तिने सांगितलं, "पोटात गाठ हाय, डॉक्टर ऑपरेशन बोलतो, लगेच या, असं लिव."

मी केळी लिहिली, गळकी कौलं, आजीचा खोकला. गाठीचं तेवढं गाळलं. बाबा आले की मला वसतिगृहात टाकणार होते. ऑपरेशन म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. कळत होतं.

मास्तर वाचत गेले. आईने टोकलं, "आणि गाठीचं? या म्हनून लिवलं ना पोरीनं?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे बघत म्हणाले, "लिहिलंय की. 'पोटात गाठ आहे, ऑपरेशन करायचंय, लगेच या.' अक्षर मात्र कोंबडीच्या पायांचं."

"बापावर गेलीय," आई हसली.

"बाय, पत्ता अर्धाच आहे. आत ये," मास्तर मला म्हणाले.

आत त्यांनी पेन दिलं, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मी लिहिलं. त्यांनी खळ लावली. त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, पुढेही कधी नाही.

बाबा आले. आई वाचली. मी वसतिगृहात गेले आणि, खरं सांगते, रमले.

मास्तर आता नाहीत. गेल्या रविवारी आईला सगळं सांगितलं.

"म्हंजे तो बिचारा माझ्यासमोर खोटं वाचला? तुझ्यापायी?"

"हो."

"आणि तू आता सांगते, तो गेल्यावर. मी आभार कुनाचे मानू?" ती उठलीच. "त्याची बायको हाय. चल."

मास्तरीणबाईंनी दार उघडलं. आई त्यांचा हात धरून पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "तूच सांग. मी नाय सांगनार."

मी सांगितलं.