तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र

बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, तिसऱ्यावर मॅडम. समुद्राच्या पाण्यावर संशोधन करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर दोन्ही गुडघे गेले आणि त्या वरच अडकल्या. मुलगा परदेशात. भिंतीभर त्यांनीच रंगवलेला समुद्र: करडा, हिरवट, एका कागदावर तर चक्क काळा.

"निळा कुठेच नाही?" मी एकदा विचारलं.

"निळा कॅलेंडरवर असतो गं."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीएस्सी झाले तेव्हा पेढे आधी त्यांना दिले. त्या म्हणाल्या, "आता मला एकदा कोकणात ने. पाण्यात पाय बुडवायचेत."

खराडीत नोकरी लागली आणि मी गाडी ठरवली. अडचण फक्त जिन्याची. सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय काढला, तर तळमजल्याचे काका म्हणाले, "आम्हाला काय उपयोग? आणि समुद्रच बघायचा, तर माणसानं पुण्यात घर घेऊ नये."

मग मी इमारतीतले चौघे जण तयार केले. खुर्चीत बसवून अलगद खाली न्यायचं. मॅडमनी ऐकून घेतलं.

"चौघांनी उचलायची वेळ एकदाच येते. आत्ता नको."

"मॅडम, शास्त्रज्ञ ना तुम्ही?"

"शास्त्रज्ञच आहे. सामान नाही."

आणि त्या स्वतः निघाल्या. पायरीवर बसत, हातांवर भार देत, लहान मूल उतरतं तशा. आमच्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. खाली जाता येईना, वरही. आईनं तिथंच चहा दिला. जिन्याच्या भिंतीला लोणा लागून पांढरी भुकटी सुटली होती. त्यांनी तिच्यावर बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"कोकण नाही," त्या म्हणाल्या, "पण खारट आहे."

गाडी मी परत पाठवली. त्यांना वर चढवता चढवता संध्याकाळ झाली. त्यानंतर कोकणाचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

गेल्या थंडीत चौघांनीच त्यांना खाली आणलं. मुलाला परतीचं विमान गाठायचं होतं, म्हणून अस्थी आळंदीला सोडल्या.

"शेवटी नदी समुद्रालाच मिळते," तो मला म्हणाला.

मिळते ना. इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, कृष्णा समुद्राला. एवढा भूगोल मलाही येतो.

"तो पूर्वेचा समुद्र," मी म्हणाले. "त्यांचा पश्चिमेला होता. घाट उतरला की आलाच."

त्यानं घड्याळात पाहिलं.