बक्षिसासाठी सुचवलेलं पहिलं नाव

बाटल्यांच्या कारखान्यात कामगारांचं सगळं ताई बघत. भरती, रजा, आजारपणं, निरोप, सगळंच. दरवर्षी बक्षीस वाटायचं कामही त्यांच्याच गळ्यात. बक्षीस म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, आणि ते मिळे वर्षभर एकही रजा न घेणाऱ्याला. "ताई, घरी चार घड्याळं झाली. आता लावायला भिंत द्या," असं एकानं तोंडावर सांगितलं. ताई हसल्या, पण ते बोलणं त्यांच्या मनाला लागलं.

त्यांनी मालकांच्या मागे टुमणंच लावलं. "बक्षिसाचं धोरण मी एकटीनं ठरवून चालायचं नाही. माणसं विभागप्रमुखांच्या हाताखालची. चांगलं काम कशाला म्हणायचं ते त्यांनीच बसून सांगावं."

शेवटी पाच विभागप्रमुख नाखुशीनं एका टेबलाभोवती बसले. खरेदीवाल्यांनी तर मोबाइलमध्ये डोकंच खुपसलं. ताईंनी तक्ते बाजूला सारले. "प्रत्येकानं एकच नाव सांगा. आणि त्या माणसानं काय केलं ते."

पहिले बोलले ते भट्टीसाहेब. हा माणूस तीन वर्षांपूर्वी भट्टीवरून वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये आलेला. त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता.

"कानसेन," ते म्हणाले. "तपासणीच्या टेबलावरचा. बाटलीवर नख वाजवून नुसत्या आवाजावरून सांगायचा, ही तडकणार. एकदा त्यानं अख्खा माल अडवून धरला. मी चारचौघांत त्याच्यावर ओरडलो, पण पठ्ठ्या जागचा हलला नाही. तपासलं तर कितीतरी बाटल्यांना केसाएवढी चीर! लहान मुलांच्या औषधाच्या बाटल्या होत्या त्या, ताई. त्याचं नाव सगळ्यात आधी लिहा."

ताईंनी पेन खाली ठेवलं. साहेब चेष्टा करताहेत का? पण त्यांचा चेहरा तर खुलला होता.

"साहेब, ते वारले."

"कोण?"

"कानसेन. नऊ महिने झाले. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या घरी पाठवलेल्या पत्रावर तुमची सही आहे."

"शक्यच नाही. मी त्याच्या नावावर सही करीन आणि मला कळणार नाही?"

"पत्रावर त्यांचं खरं नाव होतं."

खरेदीवाल्यांनी मोबाइल उलटा ठेवला. भट्टीसाहेब पांढरेफटक पडले होते. त्यांनी विचारलं, "काय होतं त्याचं खरं नाव?"

ताईंनी सांगितलं. सोळा वर्षं ज्याच्यावर विसंबून हा माणूस भट्टी चालवत होता, त्याचं नाव तो आज पहिल्यांदा ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी दोघं कानसेनच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीशी शिलाई मशीन. बायको शिवता शिवता उठली. साहेबांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, अगदी ओरडल्याचंसुद्धा.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "हे तुम्ही त्यांना सांगितलं होतंत?"

"नाही, वहिनी."

"ते म्हणायचे, त्या मालावरून साहेबांचा माझ्यावर अजून राग आहे. शेवटपर्यंत तेच म्हणायचे."

ताईंनी मान वळवली. साहेबांकडे बघायचा त्यांना धीर होईना. साहेब खुर्चीत बसले. तेवढ्यात बाई आतल्या दाराशी जाऊन म्हणाली, "थांबा. मुलीला बोलावते. तिच्यासमोर पुन्हा एकदा सांगा."

आणि साहेबांनी पुन्हा, पहिल्यापासून, सांगितलं.

धोरण ठरायला सात महिने लागले. भांडणं झाली. एक विभागप्रमुख "हा पोरखेळ आहे" म्हणून बाहेर पडले ते पडलेच. पण घड्याळं बंद झाली. बक्षीस काय द्यायचं ते ज्याचं त्याला विचारायचं ठरलं. आणि चांगलं काम दिसलं की त्या विभागाच्या साहेबानं आठवड्याच्या आत स्वतः कामाच्या जागी जाऊन, सोबत्यांसमोर, नाव घेऊन सांगायचं, की तू हे केलंस आणि त्यामुळे हे झालं.

पहिली पाळी भट्टीसाहेबांनी मागून घेतली. त्या दिवशी ते तपासणीच्या टेबलापाशी गेले आणि एका बाईंना त्यांनी पूर्ण नावानं हाक मारली. बाईंच्या हातातली बाटली सुटता सुटता राहिली. साहेबांनी तोंड उघडायच्या आतच त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "साहेब, माझं काय चुकलं?"